‘अजून असिस्टंटच का गं?’

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी कोल्हापूरची, वय 31. अमेरिकेत मास्टर्स करताना ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून कॉलेजच्या मुलींच्या सॉकर (म्हणजे आपलं फुटबॉल) संघाबरोबर काम सुरू केलं. आता मिडवेस्टमधल्या एका डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेजच्या खेळातल्या सगळ्यात वरच्या गटातल्या, विद्यापीठात असिस्टंट कोच आहे, चौथं वर्ष, एच-वन-बी व्हिसावर. हेड कोच पुरुष आहेत, वागायला चांगले. पण तीन हंगाम संघाची घसरण चालू आहे आणि त्यांचा करार या डिसेंबरात संपतो. स्टाफमध्ये बाई ही एकटीच, त्यामुळे मुली सगळं हिच्यापाशी बोलतात. दुसऱ्या राज्यातल्या एका छोट्या डिव्हिजन थ्री कॉलेजनं हिला हेड कोचची जागा देऊ केली आहे. पगार जवळपास तोच, गाव लहान, उत्तर दोन आठवड्यांत हवंय. घरचे विचारतात, ‘इतकी वर्षं झाली, अजून असिस्टंटच का?’ आईला सामन्याची लिंक पाठवली, तर आई म्हणाली, ‘सगळा बघितला बाई, तू कुठं दिसलीच नाहीस.’ डिव्हिजन वन सोडून खाली जाणं ही माघार ठरेल का, थांबले तर जन्मभर दुसऱ्याच्या हाताखालीच राहीन का, की सरळ परत यावं, असे तिचे प्रश्न आहेत. सही केली आहे ‘साइडलाइनवरची’.

प्रिय साइडलाइनवरची,

पत्रात मला ‘मावशी’ म्हणाली आहेस, तेव्हा मी ‘तू’च म्हणते.

आधी आईच्या वाक्याचं बघू. माझी भाची ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात गोलकीपर होती. तिचे दोन सामने मी नोव्हेंबरात जाऊन पाहिले, थर्मासात चहा आणि अंगात दोन स्वेटर घालून. खेळातलं मला बेताचंच कळतं, म्हणून मी माणसं बघत बसले. हेड कोच रेषेवर येरझाऱ्या घालत होते, ते सगळ्यांनाच दिसत होते. त्यांच्या मागं एक तरुण बाई होती. सामन्याआधी तिनं शंकू मांडले, दोन्ही गोलकीपरना सराव दिला, मग मांडीवर वही घेऊन काहीतरी टिपत बसली. उत्तरार्धात एका मुलीला बाहेर काढलं. ती रडतच आली आणि बाकाच्या पार टोकाला जाऊन बसली. ही बाई उठली, तिच्या शेजारी टेकली आणि एक शब्द न बोलता वहीचं पान तिच्यापुढं धरलं. पानावर बोटानं कुठलीशी जागा दाखवली. ती पोर नाक पुसत बघत राहिली. पंधरा मिनिटांनी ती परत मैदानात होती. कॅमेरा एवढा वेळ चेंडूच्या मागं होता.

तेव्हा आईला तू दिसली नाहीस यात आईचं काही चुकलं नाही. मला काळजी वाटते ती तूही स्वतःकडे त्याच कॅमेऱ्यातून बघायला लागली आहेस याची.

आपल्याकडे ‘असिस्टंट’ या शब्दाचं नशीबही विचित्रच. असिस्टंट कमिशनर म्हटलं की स्थळं चालून येतात, असिस्टंट प्रोफेसर म्हटलं की शेजारी पेढे मागतात, आणि असिस्टंट कोच म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं पाण्याच्या बाटल्या भरणारी पोरगी येते. (बाटल्या तूही भरल्या असशील. पहिल्या दोन वर्षांत कोण भरत नाही?) मी स्वतः एका कॉलेजच्या ग्रंथालयात बावीस वर्षं दोन नंबरच्या खुर्चीवर होते. वरची जागा दोनदा रिकामी झाली. एकदा मला मिळाली नाही, दुसऱ्यांदा मी अर्जच केला नाही. तो न केलेला अर्ज समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. त्याबद्दल पुढं सांगते.

आधी तुझ्यासारख्या इतरांसाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठी, हे काम असतं काय ते सांगते. अमेरिकेत कॉलेजचा खेळ एनसीएए नावाची संघटना चालवते आणि तिथं तीन डिव्हिजन आहेत. वन आणि टूमध्ये खेळाची शिष्यवृत्ती देता येते, थ्रीमध्ये नाही. मुलींच्या सॉकरचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि राष्ट्रीय अंतिम सामना डिसेंबरात होतो. उरलेलं वर्ष मोकळं असतं असं ज्याला वाटतं, त्यानं या मुलीचा फोन एक दिवस सांभाळून बघावा. डिव्हिजन वनचा कोच शाळकरी खेळाडूशी थेट बोलू शकतो ते तिचं दहावीचं वर्ष संपल्यावर, 15 जूनपासून. त्या मध्यरात्री कुणाकुणाला मेसेज जायचे याची यादी असिस्टंट कोचनं महिनोन् महिने क्लबांच्या स्पर्धा हिंडून केलेली असते. 2018 पासून ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आलं, तेव्हापासून आपल्याच संघातली मुलगी उद्या निघून जाईल का, हेही तिलाच आधी हुंगावं लागतं. शिवाय सामन्याचे व्हिडिओ कापणं, प्रतिस्पर्ध्याचा अहवाल, बस, हॉटेल, जेवणाचे डबे आणि गणितात नापास होऊ घातलेली डावी बचावपटू. हा पसारा चालवणाऱ्या माणसाला ‘मदतनीस’ म्हणणं म्हणजे घर चालवणाऱ्या बाईला ‘ती काही करत नाही’ म्हणण्यासारखंच आहे.

आता तुझा पहिला प्रश्न, खाली जाण्याचा. तू एक शिडी गृहीत धरली आहेस. खाली डिव्हिजन थ्री, वर डिव्हिजन वन, खाली असिस्टंट, वर हेड. या धंद्यातली माणसं बघ, कशी कशी गेली आहेत.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अॅन्सन डोरन्स यांनी मुलींच्या सॉकरमध्ये 21 एनसीएए विजेतेपदं मिळवली, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यांच्या शेजारी चार दशकांच्या आसपास बिल पॅलाडिनो नावाचे असिस्टंट होते. ते तिथंच राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले. 2024च्या ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर असताना डोरन्स निवृत्त झाले आणि स्टाफमधल्याच डेमन नहास यांच्याकडे हंगामी सूत्रं आली. त्यांनी त्याच हंगामात विजेतेपद आणलं आणि मग ते कायम झाले. मार्गेरिट आओझासा यांचं याच्या उलट. स्टॅनफर्डमध्ये त्या सात हंगाम स्टाफवर होत्या. 2021च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठानं त्यांना हेड कोच केलं आणि 2022 मध्ये, पहिल्याच वर्षी, अंतिम सामन्यात 2-0 अशा पिछाडीवरून नॉर्थ कॅरोलायनाला हरवून यूसीएलए जिंकलं.

एक थांबला, एकाकडे जागा चालून आली, एक निघाली. अर्थात, आपल्याला जिंकलेल्यांचीच नावं कळतात. पाच वर्षं असिस्टंट राहून शेवटी विमा विकायला लागलेल्यांची कुणी ओळखही ठेवत नाही. म्हणून या तिघांकडून मी एवढंच घेईन की पाटीवर काय लिहिलंय यावरून माणूस कुठं चाललाय ते सांगता येत नाही.

मग कशावरून सांगता येतं? माझं मोजमाप जरा रोखठोक आहे. गेल्या हंगामात संघानं घेतलेल्या निर्णयांपैकी पूर्णपणे तुझे कोणते होते? ‘मी सुचवलं’ असे नकोत, जे चुकले असते तर बोलणी तूच खाल्ली असती असे सांग. तुझं सहा पानी पत्र मी त्यासाठी परत चाळलं. एक सापडला. चौथ्या पानावर तू लिहितेस की कॉर्नर किकच्या रचना सरांनी पूर्ण तुझ्यावर सोडल्यात, आणि जवळच्या खांबापाशी धावणारी मुलगी मुद्दाम उशिरा निघते त्या एका रचनेवर चार गोल झाले. सहा पानांत अक्षर मोठं आणि मोकळं झालेलं तेवढं एकच ठिकाण आहे. (हातानं पत्र लिहिणाऱ्यांचं हे असं उघडं पडतं.)

आणि त्याच सहा पानांत ‘मला स्वतःचा संघ चालवायचाय’ हे वाक्य एकदाही नाही. घरचे काय म्हणतात आहे, जावई काय कमावतात आहे, तालमीतली मुलं सुट्टीत भेटली की काय विचारतात तेही आहे. हेड कोच व्हायचंय, असं तू कुठंच लिहिलेलं नाहीस. कदाचित ते इतकं उघड वाटलं असेल की लिहावं लागलं नाही. कदाचित तसं नसेलही. माझा तो दुसरा अर्ज मी भरला नाही, कारण मला जुनी हस्तलिखितं लावायला आवडायचं आणि वरच्या खुर्चीत बसून अंदाजपत्रकं लावावी लागली असती. पण ते कळायच्या आधी मी पाच वर्षं स्वतःला भित्री म्हणत काढली. तू तेवढा वेळ काढू नकोस. आज रात्री एक कागद घे आणि त्या छोट्या कॉलेजातला तुझा पहिला आठवडा लिहून काढ. सोमवारी कुणाला भेटशील, कुणाला संघातून वगळशील, कुठली पद्धत खेळवशील, मैदानाचं वेळापत्रक कुणाशी भांडून घेशील. लिहिताना हात थांबेना झाला, तर उत्तर मिळालं. दोन ओळींनंतर पेन टेबलावर ठेवावंसं वाटलं, तर तेही उत्तरच आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता हात थांबलाच नाही असं धरू. डिव्हिजन थ्री म्हणजे खालची पायरी, असं मला वाटत नाही. ते वेगळंच काम आहे, आणि त्याची एक बाजू मुलाखतीत कुणी आपणहून सांगत नाही. शिष्यवृत्ती नसल्यामुळे तिथं प्रत्येक खेळाडू फी भरणारी विद्यार्थिनी असते, आणि बऱ्याच छोट्या खासगी कॉलेजांत कोचकडून संघाबरोबर प्रवेशसंख्येचीही अपेक्षा असते. दरवर्षी अमुक मुली आणायच्याच, हा आकडा तोंडी असेल तर तो लेखी माग. गेल्या पाच वर्षांत कॉलेजची एकूण विद्यार्थिसंख्या कुठं गेली तेही विचार. अशी काही कॉलेजं अलीकडं बंद पडली आहेत, आणि बंद पडणाऱ्या कॉलेजच्या हेड कोचपेक्षा चालत्या विद्यापीठाची असिस्टंट बरी. तुझ्या हाताखाली पूर्णवेळ कुणी असेल की दुपारी चारनंतर येणारा अर्धवेळ माणूस? सॉकरशिवाय आणखी काय गळ्यात पडणार, जिमची देखरेख, की एखादा शारीरिक शिक्षणाचा तास? जुने कोच का गेले? हे शेवटचं कॉलेजला विचारू नकोस, संघातल्या शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींशी बोलायला वेळ माग आणि त्यांना विचार. त्या क्षणभर गप्प राहिल्या तर तेवढं पुरे.

आणि थांबायचं ठरवलंस तर? तिथं तू एक गोष्ट नीट बघितलेली नाहीस, किंवा बघूनही पत्रात बाजूला ठेवली आहेस. हेड कोच गेले की नवीन माणूस बहुधा स्वतःचा स्टाफ घेऊन येतो. सर चांगले आहेत, हे मान्य. पण त्यांच्या चांगुलपणाची मुदत त्यांच्या कराराबरोबर संपते. तू निष्ठा म्हणून थांबते आहेस, असं तुझ्या पत्रावरून वाटतं. निष्ठेला माझी हरकत नाही, पण ती उघड्या डोळ्यांनी असावी. त्यांच्या खोलीत जा, दार लावून घे आणि सरळ विचार: ‘सर, डिसेंबरात काय होईल असं तुम्हाला वाटतं? आणि माझ्या जागी तुमची मुलगी असती तर तिला काय सांगितलं असतंत?’ चांगला माणूस असेल तर खरं सांगेल. उद्या तुझ्यासाठी चार फोनही तोच करील. या धंद्यात अर्जापेक्षा फोन जास्त चालतो, हे तुला ठाऊक आहेच.

व्हिसाचं मी मुद्दाम मागं ठेवलं होतं, पण निर्णय बहुतेक तिथंच अडेल. नोकरी गेली तर एच-वन-बीवाल्यांना जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. त्यात दुसरी जागा आणि कागदपत्रं जमवायची, तेही कोचच्या जागा भरून झाल्यावर, हे अवघड. विद्यापीठं आणि कॉलेजं या व्हिसाच्या दरवर्षीच्या लॉटरीच्या मर्यादेबाहेर असतात, म्हणून कॉलेजातून कॉलेजात जाणं त्या मानानं सरळ. तुझ्या मैत्रिणीनं सुचवलेला खासगी क्लब मात्र लॉटरीत अडकेल. एच-वन-बीला साधारण सहा वर्षांची मर्यादा आहे. ग्रीन कार्डची प्रक्रिया पुरेशी पुढं गेलेली असली तरच ती वाढते. म्हणून त्या छोट्या कॉलेजला पहिला प्रश्न पगाराचा विचारू नकोस. ‘तुम्ही याआधी कुणाची एच-वन-बी केली आहे का, आणि ग्रीन कार्डचा अर्ज कराल का, कधी?’ हे आधी. छोट्या कॉलेजच्या कार्यालयात हे कधी कुणी केलेलंच नसतं, आणि ‘करू की’ या शब्दांवर तू घर हलवू नयेस. कॉलेजचा वकील कॉलेजचा असतो. दोनशे-तीनशे डॉलर गेले तरी चालतील, तासभर स्वतःच्या वकिलाशी बोल. नियम सतत बदलताहेत आणि माझं हे सदर म्हणजे काही कायद्याचं पुस्तक नव्हे. त्या वकिलाला उन्हाळी शिबिरांचंही विचार. तुझे अमेरिकन सहकारी शिबिरांतून वरचे पैसे मिळवतात, पण कितीतरी ठिकाणी ती शिबिरं विद्यापीठाची नसून हेड कोचच्या खासगी कंपनीची असतात. तिथून तुझ्या हातात पडलेला चेक तुझ्या व्हिसात बसतो का, हे आधी कळलेलं बरं.

मुली सगळं तुझ्यापाशी बोलतात, याबद्दल. अमेरिकेत 1972 मध्ये शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभावाला बंदी करणारा टायटल नाइन कायदा आला तेव्हा कॉलेजच्या मुलींच्या संघांवर नव्वद टक्क्यांहून अधिक कोच बायका होत्या. कायद्यानं मुलींच्या खेळात पैसा आला, पगार आले, आणि पगारामागोमाग पुरुष आले. आज बायका निम्म्याहूनही कमी आहेत. म्हणून स्टाफमधल्या एकट्या बाईच्या वाट्याला पाळी, घरची आठवण, जेवण तोडलेली मुलगी, प्रियकराशी भांडण, हे सगळं येतं आणि ते कामाच्या यादीत कुठंच लिहिलेलं नसतं. ते लिहून घे. वार्षिक मूल्यमापनात ‘खेळाडू कल्याण’ अशी ओळ मागून घे, त्यावर किती तास जातात ते मांड. आणि एक सीमा आख. बहुतेक कॉलेजांत कर्मचाऱ्याला लैंगिक गैरवर्तनाबद्दल कळलं तर ते कळवावंच लागतं, ‘ताई, कुणाला सांगू नका’ हे वचन तुला देता येत नाही. मुलीनं तोंड उघडायच्या आधीच तिला हे सांगत जा. वीकोच ही संस्था स्त्री-कोचेससाठी अकादमी चालवते. तुझ्या विद्यापीठाकडून तिथं जाण्याचा खर्च माग, या वर्षीच माग.

राहिलं परत येण्याचं. घरचे म्हणतात म्हणून येऊ नकोस, आणि ते म्हणतात म्हणून हा विचार टाकूही नकोस. गोव्याच्या मेमॉल रॉकी आधी भारतीय महिला संघाच्या असिस्टंट होत्या, 2017 मध्ये त्याच संघाच्या पहिल्या स्त्री मुख्य प्रशिक्षक झाल्या. तुझ्याच जिल्ह्यातल्या, गडहिंग्लज भागातल्या अंजू तुरंबेकर एएफसीचं, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं, प्रशिक्षकाचं ए लायसन्स मिळवून अखिल भारतीय फुटबॉल महासंघात ग्रासरूट्सच्या, म्हणजे लहान मुलांच्या पायाभूत फुटबॉलच्या, प्रमुख झाल्या. आपला महिला संघ 2025 मध्ये थायलंडला थायलंडमध्ये हरवून आशियाई कपला पात्र ठरला. काम आहे, माणसं हवी आहेत. पण वर्षभराचा पगारी करार मिळेल अशा जागा इथं मोजक्याच आहेत. तुझं अमेरिकन प्रशिक्षकाचं बी लायसन्स इथं आपोआप धरतील असंही समजू नकोस. महासंघाला आत्ताच लिहून विचार, उत्तर यायला वेळ लागेल. हा दरवाजा दोन आठवड्यांत बंद होणारा नाही, म्हणून तो या प्रश्नपत्रिकेतून सध्या काढून टाक.

माझा कल विचारशील तर: कागदावरचा पहिला आठवडा भरभरून लिहिला गेला आणि कॉलेजनं व्हिसाचं लेखी दिलं, तर जा. दोन्हींपैकी एक नसेल तर जाऊ नकोस, पण मग सरांकडून कॉर्नरच्या जोडीला अजून एक गोष्ट पूर्ण तुझी म्हणून मागून घे. वसंतातल्या मैत्रीपूर्ण सामन्यांपैकी एक तू चालवायचा, संघनिवडीपासून मध्यंतराच्या बोलण्यापर्यंत. त्या सामन्यांचा निकाल कुठं धरत नाहीत, त्यामुळे सरांना नाही म्हणायला कारण उरणार नाही. आणि दोन आठवड्यांची मुदत तीन आठवड्यांची होते का, ते विचारायला कसली भीती? फार तर ‘नाही’ म्हणतील.

आईला या खेपेला अख्ख्या सामन्याची लिंक पाठवू नकोस. तेवढाच तुकडा काप, तुला तर सवयच आहे, आणि खाली लिही: ‘आई, कॉर्नर बघ. जवळच्या खांबापाशी जी पोरगी उशिरा निघते ना, तिला तिथं मी थांबवलंय.’

तुझी,
मावशी